रेडिएटरच्या झाकणावरचा ०.९

प्रश्न : आमचा ट्रॅक्टर जुना आहे. यंदा उन्हाळी धानाच्या हंगामात तो रोज पाणी फेकत होता. मेकॅनिकने रेडिएटर धुतला, पंख्याचा बेल्ट बदलला, तरी तेच. शेवटी दुसऱ्या एकाने नुसतं झाकण बदललं आणि त्रास थांबला. एवढ्याशा झाकणात असं काय असतं? त्यावर ०.९ लिहिलंय, ते कशाचं माप? आणि त्याहून मोठ्या आकड्याचं झाकण लावलं तर आणखी चांगलं नाही का?
— एक शेतकरी वाचक, सडक अर्जुनी तालुका, जि. गोंदिया

उत्तर : तुम्ही त्याला झाकण म्हणता, पण तो खरं तर एक व्हॉल्व्ह आहे. ०.९ हा दाबाचा आकडा, बारमध्ये. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो. रेडिएटरच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.९ बारने वाढेपर्यंत झाकणाची स्प्रिंग रबरी वॉशरला तोंडावर घट्ट दाबून धरते. त्यापुढे दाब गेला की वॉशर उचलला जातो आणि जादा पाणी बाजूच्या बारीक नळीतून बाहेर पडतं. काही झाकणांवर ०.९ ऐवजी १३ लिहिलेलं असतं. तो जवळपास तेवढाच दाब, फक्त पौंडाच्या मापात.

दाब कोंडायचा कशासाठी? गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९९ अंशांना उकळतं. तेच पाणी ०.९ बार जादा दाबाखाली ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. घरच्या कुकरमध्ये भात लवकर शिजतो तो याच कारणाने. लेहला, ३,५०० मीटरवर, उघडं पाणी ८८ अंशांनाच उकळू लागतं. तिथे हे झाकण नसेल तर इंजिन नेहमीसारखं तापलं तरी पाण्याला उकळी फुटायची वेळ येते.

आपल्याकडे प्रश्न उंचीचा नाही, उन्हाचा आहे. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. जानेवारीच्या सकाळी हवा १५ अंश आणि पाणी ९५ अंश असेल, तर फरक ८० अंशांचा. नवतपात हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ५० वर येतो. इंजिन तेवढंच राबतंय, उष्णता तेवढीच निघतेय, पण ती घेणारी हवाच तापलेली आहे. अशा वेळी पाणी न उकळता १०५-११० अंशांपर्यंत चढू शकलं तर फरक पुन्हा वाढतो आणि इंजिन तग धरतं. झाकण दाब धरत नसेल तर ही मुभा राहत नाही.

उकळी फुटण्यात आणखी एक धोका आहे. इंजिनाच्या हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, धातू सर्वांत जास्त तापतो. तिथे वाफेचे बुडबुडे धरले की धातूला पाण्याचा स्पर्शच होत नाही. वाफ पाण्याइतकी उष्णता उचलू शकत नाही. मग हेड वाकतं, गॅस्केट उडते, आणि खर्च झाकणाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

झाकण उलटं करून पाहिलंत तर मधोमध आणखी एक छोटी चकती दिसेल. तिचं काम उलट दिशेचं आहे. इंजिन थंड झालं की पाणी आक्रसतं आणि रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते. तेव्हा ही चकती उघडते आणि बाजूच्या डब्यात गेलेलं पाणी परत आत ओढलं जातं. ती गंजून बसली तर पाणी परत येत नाही आणि सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. डबा भरत चाललाय आणि रेडिएटर मात्र रिकामा होतोय, असं दिसलं तरी आधी झाकणावरच संशय घ्या.

तुमच्या ट्रॅक्टरच्या झाकणाचा वॉशर कडक झाला असावा किंवा स्प्रिंग सैल पडली असावी. पहिल्या मेकॅनिकचं काम वाया गेलं असं मात्र मी म्हणणार नाही. धानाच्या हंगामात तणसाचा भुसा आणि बांधीतला वाळलेला चिखल जाळीत बसतो, हवा अडते. रेडिएटर धुवायलाच हवा होता. पण तपासणीला सर्वांत स्वस्त वस्तू झाकण आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी. वॉशरला चिरा आहेत का, तोंडाशी गंजाचे किंवा पांढरे डाग आहेत का, हे पाहा. मधली चकती नखाने हलकेच ओढा. ती उचलली गेली पाहिजे आणि सोडल्यावर लगेच बसली पाहिजे. चांगल्या गॅरेजमध्ये हातपंपाला जोडून झाकण किती दाब धरतं तेही पाहता येतं. नवं झाकणसुद्धा दाब धरत नसेल आणि पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर मात्र गॅस्केट तपासून घ्या.

मोठ्या आकड्याचं झाकण लावू नका. ०.९ च्या जागी १.३ लावलं तर वाढलेला दाब होज पाइप, रेडिएटरचे सांधे आणि पाण्याच्या पंपाचं सील यांना सोसावा लागतो. जुन्या ट्रॅक्टरमध्ये यातलं काहीतरी शेतातच फुटतं. आकडा जुळला तरी तोंडाची खोली जुळली पाहिजे, नाहीतर वॉशर नीट टेकतच नाही. झाकण हरवल्यावर फडका कोंबून किंवा विनास्प्रिंगचं साधं झाकण लावून काम चालवणारेही आहेत. फडका दाब धरत नाही, आणि साधं झाकण तो सोडत नाही. दोन्ही वाईटच.

पाण्याबद्दल थोडं. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचतात आणि चकतीखालीही बसतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी वापरा. हे मिश्रण उघड्यावरसुद्धा १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि गंजही रोखतं. मात्र नेहमीच्या कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट गोठ्याजवळ किंवा बोडीत ओतू नका.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका. आतलं पाणी ११५ अंशांवर असतं, केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण निघताच दाब जातो आणि पाणी त्याच क्षणी उकळतं. १० लिटर पाण्यातल्या जेमतेम ३०० मिलिलिटरची वाफ झाली तरी ती सुमारे ५०० लिटर जागा मागते, आणि उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन तोंडावर येते. इंजिन बंद करा, निदान अर्धा तास सावलीत थांबा, वरच्या होज पाइपवर हात टेकवता येईल तेव्हाच झाकणाला हात लावा. जाड कापड ठेवून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस पूर्ण थांबू द्या, मग दाबून काढा. तापलेल्या, कोरड्या पडलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका. हेडला तडा जातो. कुणी भाजलंच तर भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, पेस्ट किंवा हळद लावू नका, आणि दवाखाना गाठा. तुमचा ट्रॅक्टर दुसरं कुणी चालवत असेल तर एवढं त्यालाही रोवणीच्या आधी समजावून सांगा.