घरातल्या रोपांना उजेड किती आणि कसला?

खानापूरकडच्या आमच्या शेतकरी बंधु-भगिनींना मृगाच्या आधीपासूनच एक चिंता लागते. मिरची, वांगी, टोमॅटो यांचे बी टाकायचे ते नेमके पावसाच्या तोंडावर. उघड्या वाफ्यावर टाकावे तर एका रात्रीच्या झोडपणीत रोपे आडवी होतात, नाहीतर पाणी साचून कोलमडतात. म्हणून पुष्कळांनी आता ट्रे घरात, माजघरात किंवा गोठ्याच्या माळ्यावर ठेवायला सुरुवात केली आहे. मग विचारणा होते ती ही, की वर दिवा लावला तर चालेल का, आणि कोणता?

आम्ही स्वतः ही चूक एकदा करून बसलो आहोत. मागच्या खोलीत टोमॅटोचे चार ट्रे मांडले आणि वर आढ्याला शंभर वॅटचा साधा बल्ब टांगला. खोली लख्ख दिसत होती. आठव्या दिवशी रोपे वीतभर उंच, सुंभासारखी बारीक आणि फिकट. बाराव्या दिवशी माना टाकल्या. बियाण्याचे पैसे गेलेच, पण लावणीची वेळ टळली ती परत आली नाही. बी वाईट निघाले असे आम्ही चार दिवस म्हणत राहिलो. दोष बियाण्याचा नव्हता.

खरा घोटाळा आपले डोळेच करतात. बाहुली लहान-मोठी होत असल्याने अंगणातला आणि खोलीतला उजेड आपल्याला थोड्याशाच फरकाचा भासतो. मोजला तर गोष्ट वेगळीच निघते. उजेड मोजण्याचे एक माप लक्स हे आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स असतात. गच्च ढगाळ दिवशीसुद्धा मोकळ्यावर दहा-वीस हजार मिळतात. घराच्या आत, ज्या उजेडात आपण आरामात वर्तमानपत्र वाचतो, तिथे शंभर ते तीनशे! रोपाच्या दृष्टीने ती जवळजवळ रात्रच.

आमच्या बल्बचा हिशेब आता मांडू. दिव्यातून एकूण किती उजेड निघतो ते ल्युमेनमध्ये सांगतात. शंभर वॅटचा तारेचा बल्ब सुमारे १,३०० ल्युमेन देतो, बाकी बहुतेक वीज उष्णतेत जाते. त्याच्या खाली एका फुटावर सुमारे १,१०० लक्स पडतात. अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट केले की नववा हिस्सा उरतो. आमचा बल्ब तीन फुटांवर होता, म्हणजे रोपांना सव्वाशे लक्सच्या आतबाहेर मिळत होते. शिवाय खोली उबदार. ऊब भरपूर आणि उजेड नाही, असे झाले की रोप उजेडाच्या शोधात नुसते ताणत जाते.

मग पुरेसा उजेड म्हणजे किती? भाजीपाल्याच्या रोपांना पांढऱ्या एल.ई.डी.चा सुमारे १४,००० लक्स उजेड रोज सोळा तास मिळाला, तर ती बुटकी, जाड कांडीची होतात. तास कमी केले तर तीव्रता वाढवावी लागते, कारण रोपाला दिवसभराची एकूण बेरीज लागते. पण चोवीस तास दिवा ठेवू नये. टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पाने पिवळी पडतात. रात्रीचे आठ तास काळोख हवाच.

रंगाबद्दल बाजारात फार गोंधळ आहे. पाने मुख्यतः तांबडा व निळा उजेड वापरतात, हिरवा कमी. निळ्याने कांडी आखूड राहते. यावरून जांभळे दिवे आले. ते खोटे नाहीत, पण त्या उजेडात पानांचा खरा रंग दिसत नाही आणि मावा किंवा करपा वेळेवर लक्षात येत नाही. पांढऱ्या एल.ई.डी.त मुळात निळा दिवाच असतो व त्यावरच्या लेपाने बाकीचे रंग मिळतात. हा निळा एल.ई.डी. शोधणाऱ्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या कामाला नेहमीची पांढरी, ६,५०० केल्विन लिहिलेली ट्यूब पुरते. ‘झाडांचा खास दिवा’ म्हणून तिप्पट किंमत मोजण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१००० वॅट’ छापलेले असते आणि दिवा प्रत्यक्षात शंभर वॅटच वीज घेतो, असेही घडते. म्हणून छोट्या अक्षरांतली खरी वॅट आणि ल्युमेन वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत.

आता नगांचा हिशेब. ९८ कपांचा ट्रे साधारण ५४ सें.मी. लांब व २७ रुंद असतो. दोन ट्रे लांबीत व दोन ओळी रुंदीत ठेवल्या तर चार ट्रे चार फुटी ट्यूबखाली नीट बसतात. जागा सुमारे ०.६ चौरस मीटर. तिथे १४,००० लक्स हवे, म्हणजे ८,४०० ल्युमेन पानांवर पोचायला हवेत. बाजूंनी सुमारे तीस टक्के वाया जातो असे धरले तर दिव्यांतून १२,००० निघाले पाहिजेत. वीस वॅटची चांगली ट्यूब २,००० देते; तेव्हा सहा ट्यूब, नऊ-नऊ सें.मी. अंतरावर. पानांपासून वीतभर उंचीवर त्या टांगाव्यात आणि रोप वाढेल तसतशा वर ओढाव्यात, म्हणून साखळी किंवा दोरी हवी. बाजूंना पांढरे कापड किंवा चुना लावलेल्या फळ्या उभ्या केल्या की कडेच्या रोपांची उपासमार होत नाही. मोबाईलमधल्या उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपने पानांच्या उंचीवर अंदाज घेता येतो. आकडा अचूक नसतो, पण मधला ट्रे आणि कडेचा ट्रे यांतला फरक कळतो.

सहा ट्यूब म्हणजे १२० वॅट. सोळा तासांत १.९२ युनिट, पंचवीस दिवसांत ४८. आपल्या बिलावरचा दर लावून ते ३९२ कपांवर वाटून पहावे. एकरभराची रोपे करायची असतील तर हा धंदा परवडत नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे. ढगाळ दिवशी मोकळ्यावर फुकट मिळणारा उजेड या सहा ट्यूबांच्या तोडीचा असतो, तेव्हा बांबूच्या मांडवावर पारदर्शक प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी वारा खेळता ठेवणे केव्हाही स्वस्त. ज्यांना अंगणच नाही, किंवा परसबागेपुरती शे-दोनशे रोपे हवीत, त्यांनी दिव्याचा विचार करावा.

फुलांसाठी लावायचा दिवा हे वेगळे प्रकरण. शेवंती रात्र मोठी झाल्यावर कळी धरते, हे दिवसाच्या लांबीचे गणित गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली मांडले. तिथे शंभर लक्सचा मिणमिणता दिवासुद्धा रात्र मोडतो आणि कळी लांबते. नाताळात लाल होणारे पॉइन्सेटिया पडवीच्या दिव्याखाली हिरवेच का राहते, याचे उत्तरही हेच.

विजेबद्दल मात्र कुचराई नको. पाणी आणि तारा एकाच फळीवर येतात. जोडणी वायरमनकडून, अर्थिंगसह करून घ्यावी, ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा आणि पाणी घालण्यापूर्वी बटण बंद करावे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून ट्यूबला हात लावू नये. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढावे आणि काचा हाताने उचलू नयेत.

रोपांवरून दिवसातून दोन-चार वेळा तळहात हलका फिरवावा. वाऱ्यासारखा धक्का बसून कांडी जाड होते; बिनखर्चाचा उपाय आहे. दिव्याखालची रोपे एकदम उन्हात नेऊ नयेत, पाने भाजतात. आठवडाभर आधी सकाळचा एक तास, मग दोन, असे बाहेर ठेवत जावे. मध्येच दिवसभर वीज गेली तर घाबरू नये. ट्रे उचलून ओसरीच्या कडेला, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी मांडावेत आणि त्या दिवशी पाणी थोडे कमी घालावे.