दुधाच्या रिकाम्या पिशव्या व त्यांची व्यवस्था

ज्या घरीं गोठा आहे त्या घरीं दुधाची पिशवी विकत यावी, हें आमच्या वडील मंडळींस खरें वाटलें नसतें. परंतु दावणीचें सारें दूध संकलन केंद्रावर घालून चहापुरती पिशवी आणणारीं घरें आज गांवोगांव आहेत. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, दूध संपल्यावर ती पिशवी जाते कोठें? बहुधा उकिरड्यावर, आणि तेथून कांहीं जनावरांच्या पोटांत व उरलेल्या शेणखताबरोबर शेतांत.

दोन वर्षांपूर्वीं आमची एक गाय चारा सोडून उभी राहूं लागली. डावी कूस फुगे, रवंथ बंद पडला, दूध निम्म्यावर आलें. पोटफुगीचे घरगुती उपाय करून आम्ही थकलों. अखेरीस पशुवैद्यांनीं डावी कूस उघडून पोटाच्या पहिल्या कप्प्यांतून पिशव्यांचा पिळा बाहेर काढला. त्यांत सुतळी होती, एक खिळा होता, आणि आमच्याच घरच्या दुधाच्या पिशव्या होत्या. गाय वांचली, पण तें वेत वायां गेलें. गाय शेळीप्रमाणें ओठांनीं निवडून खात नाहीं. जिभेनें ओढून घेते, चावणें मागाहून. खरकटें भरून गांठ मारलेली पिशवी ती वासावर सगळी गिळते. तें पॉलिथीन पचत नाहीं व सहसा पुढें सरकतही नाहीं. तेथेंच साचून चाऱ्याची जागा अडवितें.

हें द्रव्य इंग्लंडांत इ. स. १९३३ मध्यें प्रथम हातीं आलें. तें उष्णतेनें वितळतें व निवतांच पुन्हा घट्ट होतें. म्हणून जुन्या पिशव्या वितळवून त्यांचे दाणे पाडतां येतात आणि दाण्यांपासून नळ्या वगैरे नवे जिन्नस होतात. मात्र आंत दूध आंबलें किंवा माती चिकटली कीं माल हलका ठरतो, व भंगारवाला तो घेत नाहीं अगर भाव पाडतो.

यास्तव सुरुवात पिशवी कापण्यापासून करावी. कोपरा तोडून टाकूं नये. तो नखाएवढा तुकडा कोणी वेंचीत नाहीं. केराबरोबर तो मातींत जातो. नुसती चीर द्यावी व कोपरा पिशवीस लोंबता राहूं द्यावा. दूध ओतल्यावर घोटभर पाण्यानें पिशवी विसळून तें पाणी आंबोणांत घालावें, म्हणजे दुधाचा थेंबही फुकट जात नाहीं. मग ती एका कडेनें उभी कापून, उलगडून धुवावी व दोरीवर वाळत घालावी. ओली पिशवी थैलींत कोंबल्यास चार दिवसांत अशी घाण सुटते कीं घरची मंडळी पुन्हा या भानगडींत पडत नाहींत. चुलींत तर पिशवी घालूंच नये. तिच्या अर्धवट जळण्यानें होणारा धूर प्रथम चुलीजवळ बसणाऱ्याच्याच छातींत जातो.

आतां हिशेब पाहूं. अर्ध्या लिटरची पिशवी सुमारें अडीच ते तीन ग्रॅम भरते. रोज दोन पिशव्या लागणाऱ्या घरीं वर्षाच्या ७३० पिशव्या होतात, म्हणजे अवघे दोन किलो! एवढ्यासाठीं भंगारवाला वाडीवर येणार नाहीं. पण पन्नास घरांचा माल एक क्विंटल होतो, आणि त्यासाठीं तो खुशीनें गाडी आणतो. महाराष्ट्र शासनानें २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तेव्हां दुधाच्या पिशव्यांस सवलत देतांना त्या पन्नास मायक्रॉनहून पातळ नसाव्या व त्यांवर परत घेण्याची किंमत, निदान पन्नास पैसे, छापावी अशी अट होती. ते पन्नास पैसे आमच्या हातीं कधीं पडले नाहींत. तेव्हां सरकारी व्यवस्थेची वाट पाहण्यापेक्षां आपली व्यवस्था आपण करणें बरें.

पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येणाऱ्या दुधाची गोष्ट निराळी. त्या खोक्यांत सुमारें तीनचतुर्थांश कागद, एकपंचमांश पॉलिथीन व उरलेला पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. वरून कागद दिसतो म्हणून तीं खतखड्ड्यांत टाकलीं, तर कागद कुजतो व पत्र्याचे चिटोरे मागें राहतात. कारखान्यांत तीं पाण्यांत घुसळून कागदाचा लगदा वेगळा काढतात, आणि उरलेला भाग उष्णतेनें दाबून त्याचे तक्ते करतात. आपण खोकें विसळून, चपटें करून निराळें ठेवावें.

कित्येकजण पिशवींत माती भरून रोपें करतात. त्यास आमची हरकत नाहीं. तळाशीं चारपांच भोंकें पाडावीं, व लावणीच्या वेळीं पिशवी फाडून काढून घ्यावी. ती खड्ड्यांत तशीच राहिली तर मुळें आंतच वेटोळें घेतात. फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या व डबे मात्र या मालांत कदापि मिसळूं नयेत, आणि असे डबे धुऊन त्यांतून दूध नेण्याची जी चाल कोठें कोठें आहे ती तर आजच बंद झाली पाहिजे.

आमच्या गांवीं संकलन केंद्राच्या ओसरींत, जनावरांच्या तोंडाला येणार नाहीं इतक्या उंचीवर, एक रिकामें पोतें टांगलें आहे. दूध घालावयास येणारा आठवड्याची चवड बांधून आणतो. केंद्राचा माणूस हात लावून पाहतो व ओली असल्यास परत देतो. पहिल्या महिन्यांत निम्म्या चवडी परत गेल्या. पोतें भरलें कीं तोंड शिवून माळ्यावर टाकतात, आणि दिवाळीपूर्वीं सर्व पोतीं एकदम तालुक्यास जातात. येणारे पैसे थोडेच असतात. ते सध्यां गोठ्यांच्या लसीकरणाच्या दिवशीं चहापाण्यास खर्च होतात.