पन्नाशीतला रुग्ण आणि हृदयाची कृत्रिम झडप
प्रश्न : पन्नाशीच्या आसपास महाधमनीची झडप बदलायची असल्यास यांत्रिक झडप बसवावी की जैविक?

उत्तर : यांत्रिक झडप बहुधा विशिष्ट कार्बनची असते आणि सहसा आयुष्यभर टिकते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली झडप 1990पासून भारतात वापरात आहे. मात्र यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमारॉल जन्मभर घ्यावे लागते. आयएनआर या रक्तचाचणीचा आकडा साधारण 2 ते 3 राखायचा. तो घसरला तर गुठळीची भीती, चढला तर रक्तस्रावाची. पालक-मेथीने या औषधांचा परिणाम कमी होऊ शकतो, तरी ती बंद करण्याची गरज नाही, प्रमाण रोज सारखे असले की पुरते. नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या इथे चालत नाहीत. त्यांपैकी डॅबिगाट्रानची चाचणी अपाय दिसल्याने थांबवावी लागली होती.

जैविक झडप गाय-बैलाच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनते. तिला जन्मभर वॉरफरिन सहसा लागत नाही, पण ती साधारण 10 ते 15 वर्षांत झिजते, तरुण रुग्णांत अधिक लवकर. मग पुन्हा शस्त्रक्रिया, किंवा शक्य असल्यास मांडीतील धमनीतून आत नवी झडप.

अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना महाधमनीच्या झडपेसाठी पन्नाशीच्या आत यांत्रिक, पासष्टीनंतर जैविक झडपेकडे झुकतात. मधला काळ रुग्णागणिक ठरतो. गर्भधारणेची इच्छा असल्यास वॉरफरिनचा गर्भाला होणारा धोका आधी विचारात घ्यावा. आयएनआर तपासणारी प्रयोगशाळा गावापासून दूर असेल, तर तेही शल्यविशारदाला शस्त्रक्रियेआधीच सांगावे.