केस मोजणारा देव आणि आमचा व्हॉट्सॲप ग्रुप



आजचं मनन: मत्तय १०:२६-३१. आधी बायबल उघडून ही सहा वचनं वाचून घ्या, मग पुढे या.

या भागात सुरुवातीला येशू म्हणतो की झाकलेलं सगळं एक दिवस उघड होणार आहे. शेवटाकडे तो म्हणतो की तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा पित्याने मोजलेले आहेत. म्हणजे एकीकडे गुपित आणि दुसरीकडे केस. मागच्या वर्षी आमच्या मंडळीच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात नेमक्या याच दोन गोष्टींवरून जे घडलं, त्यानंतर हा भाग मला वेगळाच दिसायला लागला.

आधी केसांचं सांगतो. त्या रविवारी एक तरुण पाहुणे प्रचारक संदेश द्यायला आले होते. बाजूचे केस मशीनने बारीक केलेले, वरचे लांब, आणि मागे छोटासा अंबाडा. मागच्या बाकावरून कोणीतरी त्यांचा फोटो काढला आणि त्यांना न विचारता ग्रुपवर टाकला. एका तासात साठेक मेसेज! कोणी १ करिंथ ११:१४ टाकलं, कोणी हसणाऱ्या इमोजी. संदेश कशावर होता, हे मात्र कोणीच लिहिलं नाही. मीही नाही.

करिंथच्या पत्रातलं ते वचन मी टाळत नाही. पौल तिथे उपासनेतल्या शिस्तीबद्दल लिहितोय आणि ते गंभीरपणे घ्यायलाच हवं. पण त्याच बायबलमध्ये गणना ६:५ आहे, जिथे नाजीराच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही अशी आज्ञा आहे. प्रेषितांची कृत्ये १८:१८ मध्ये पौल नवसामुळे किंख्रियात डोक्याचे केस कापून घेतो. म्हणजे नुसत्या केसांच्या लांबीवरून माणूस ओळखता येत नाही.

मंडळीचा इतिहासही हेच सांगतो. अठराव्या शतकात इंग्लंडमधले प्रतिष्ठित लोक विग घालायचे, तेव्हा जॉन वेस्ली स्वतःचेच लांब केस ठेवून फिरायचे. साधू सुंदरसिंग शीख घराण्यातले. ख्रिस्ताच्या मागे जायचं ठरवल्यावर त्यांनी केस कापले, घरच्यांनी त्यांना तोडलं, आणि १९०५ मध्ये सिमल्यात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्यासाठी केस कापणं ही फॅशन नव्हती, त्याची फार मोठी किंमत होती. मग १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात उलटंच झालं. लांब केसांचा, दाढीवाला हिप्पी लॉनी फ्रिस्बी प्रचार करू लागला आणि चक स्मिथ या पाळकाने आपल्या मंडळीचं दार अशा पोरांसाठी उघडलं. ‘जीझस रेव्होल्यूशन’ हा २०२३ चा सिनेमा पाहिला असेल तर ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. प्रचारकांचे केस दर पिढीत बदललेत. सुवार्ता तीच राहिली.

आता गुपिताचं. हे लिहायला जड जातंय.

त्याच आठवड्यात आमच्या प्रार्थना गटातल्या एका ताईने मला आणि माझ्या बायकोला सांगितलं की तिची बायोप्सी झाली आहे आणि रिपोर्ट यायचा आहे. प्रार्थना करा म्हणाली. मी घरी आलो आणि चांगल्या मनानेच तिचं नाव आणि आजार लिहून मंडळीच्या ग्रुपवर प्रार्थना विनंती टाकली. खूप आमेन आले. कोणीतरी ती पुढच्या ग्रुपवर पाठवली, तिथून आणखी पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरामपूरहून तिच्या आईचा रडत फोन आला. ताईने आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं. रिपोर्ट आल्यावर समोर बसून, हात धरून सांगायचं असं तिने ठरवलं होतं.

ती मला एवढंच म्हणाली, “दादा, ते माझं होतं.”

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिसात ग्राहकाची एक नोंद जरी विनाकारण उघडली तरी त्याचा लॉग राहतो आणि जाब द्यावा लागतो. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा मी टीममध्ये मोठ्या उत्साहाने बोललो होतो. फेसबुक आपला डेटा घेतं म्हणून कुरकुर करणाराही मीच. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन मेसेज वाटेत कोणाला वाचू देत नाही, हे खरं आहे. पण मेसेज पोचल्यावर फॉरवर्डचं बटण आपल्याच अंगठ्याखाली असतं. तिथे कंपनी नव्हती, हॅकर नव्हता. मी होतो.

गंमत बघा. प्रचारकांचं जे बाहेर दिसत होतं, त्याचा आम्ही न्याय केला. ताईचं जे आत होतं, ते मी बाहेर काढलं. १ शमुवेल १६:७ प्रमाणे देव बाहेरचं रूप नाही तर हृदय पाहतो. आम्ही दोन्हीकडे बरोबर उलटं केलं.

“सगळं उघड होणारच आहे, मग लपवायचं कशाला?” असं कोणी म्हणेल. पण संदर्भ पाहा. येशू बारा शिष्यांना छळाच्या वाटेवर पाठवतोय. न घाबरता छतावरून जे गाजवायचं ते त्याने त्यांना सांगितलेलं सत्य आहे, शेजाऱ्याचा मेडिकल रिपोर्ट नाही. आणि झाकलेलं उघड करणं हे देवाच्या हातात आहे, ग्रुप ॲडमिनच्या नाही.

मग केसांची गोष्ट येते. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. जो ते मोजतो त्याला आपली ब्राउझर हिस्टरी, आपली भीती, आपला रिपोर्ट सगळं ठाऊक आहे. तरी येशू हे घाबरवायला सांगत नाही, भिऊ नका म्हणून सांगतो. देवाला आपल्याबद्दल सगळं माहीत आहे आणि तरी त्याच्याजवळ आपण सुरक्षित आहोत. तो जाणतो, पण फॉरवर्ड करत नाही. नीतिसूत्रे ११:१३ मधला विश्वासू माणूस असाच असतो, तो गोष्ट झाकून ठेवतो.

आज करून पाहण्यासारखं:

१. प्रार्थना विनंती पुढे पाठवण्याआधी त्या व्यक्तीला विचारा: कोणाला सांगू? किती सांगू? नाव घालू का?

२. उपासनेत कोणाचा फोटो काढून न विचारता टाकू नका.

३. पुढच्या रविवारी प्रचारकांबद्दल काही लिहायचंच असेल, तर आधी संदेशातली एक ओळ लिहा.

मी ताईच्या घरी जाऊन माफी मागितली, तिच्या आईचीही. त्यांनी माफ केलं. पण त्यानंतर बरेच महिने ताई गटात प्रार्थना विनंती सांगत नव्हती. विश्वास एका क्लिकमध्ये जातो, परत यायला वेळ लागतो. मागच्या महिन्यात तिने पहिल्यांदा पुन्हा काहीतरी सांगितलं. काय, ते मी इथे लिहिणार नाही.

प्रार्थना: हे प्रभू, तू माझं सगळं जाणतोस आणि मला लाजवत नाहीस. लोकांनी माझ्याजवळ ठेवलेलं मला जपायला शिकव. माझ्या डोळ्यांना बाहेरच्या रूपापलीकडे पाहू दे आणि माझ्या अंगठ्यावर पहारा ठेव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.