आधी हेडफोन, मग टेम्पो

जळोचीच्या भाजी बाजाराबाहेर चहाला उभा राहिलो, की एखादा तरी पोरगा गाडी स्टँडला लावून जवळ येतो. ‘‘दादा, डीजे टाकायचाय. किती बसतील?’’ बेसचे बॉक्स किती, टॉप कुठले, अँप्लिफायर कोणता, लाइट किती, हे सगळं त्यानं युट्यूबवर पाहून ठेवलेलं असतं. दोन गाणी एकमेकांत कशी मिसळायची, हे मात्र कुणी विचारत नाही. मी या धंद्यात वायरी ओढण्यापासून आलो. पुढं ऑपरेटर झालो. आता घरातल्या खोलीत ट्रॅक बनवतो आणि बोलावलं तर वाजवायला जातो. स्वतःचा साउंड मी आजवर घेतलेला नाही. हे ऐकल्यावर पोरांना माझी कीव येते.

पैशाचं आधी उरकून टाकतो. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि जूनच्या पावसाबरोबर आटपते. त्यातही तिथी नसलेले आठवडे येतातच. मग गणपती-नवरात्राचे मोजके दिवस, शिवजयंती, भीमजयंती, आमच्या भागात ३१ मेची अहिल्यादेवींची जयंती आणि गावोगावच्या यात्रा. हप्ता मात्र बारा महिने चालू असतो. वर जनरेटरचं डिझेल, पोरांचा रोज, फाटलेले स्पीकर. शेजारच्या गावात तुमच्यापेक्षा दोन बेस जास्त असलेली गाडी आली, की तुमची सुपारी तिकडं गेलीच म्हणून समजा. इंदापूर तालुक्यातल्या माझ्या एका मित्रानं पतसंस्थेचं कर्ज काढून सगळं उभं केलं होतं. बॉक्स निम्म्या भावात गेले. टेम्पो तेवढा ठेवला. तो आता डाळिंबं वाहतो आणि मित्र सुखात आहे.

शिकायला यातलं काहीच लागत नाही. एक साधा लॅपटॉप आणि कानावर घट्ट बसणारा वायरचा हेडफोन एवढं पुरतं. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि सगळा खेळच वेळेचा आहे. मिसळायला ‘मिक्स’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे (शोधताना शेवटी तीन एक्स टाका, नाहीतर भलतंच निघतं). ट्रॅक बनवायला ‘एलएमएमएस’ मोफत मिळतं. आपल्याकडं सगळे वापरतात ते एफएल स्टुडिओ विकतचं आहे, पण त्याची ट्रायल कितीही दिवस चालते. फक्त सेव्ह केलेलं काम विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. म्हणून बंद करण्याआधी जे बनलंय ते ऑडिओ फाइल करून बाहेर काढून घ्यायचं. क्रॅकच्या नादी लागू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकानं टेलिग्रामवरून क्रॅक उतरवला आणि ऐन यात्रेच्या तोंडावर लॅपटॉपमधली एकूण एक फाइल कुलूपबंद झाली. स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी. त्यात त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटोही गेले, आणि घरच्यांनी त्याला त्याबद्दल जास्त बोल लावले.

आता खऱ्या कामाकडं येतो.

नाचायच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक गाण्यांत चार ठोक्यांचं आवर्तन असतं, आणि अशी आठ आवर्तनं झाली, म्हणजे बत्तीस ठोके झाले, की गाण्यात काहीतरी बदलतं: नवा आवाज येतो, बेस जातो, गायक सुरू होतो. पहिले काही आठवडे दुसरं काही करू नका. गाणं लावा आणि बोटांवर बत्तीस मोजा. मोजणी अंगात भिनली, की दुसरं गाणं कुठं सोडायचं ते आपोआप कळतं. मग वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण बंद करा आणि दोन गाण्यांचा वेग कानानं जुळवा. एका कानात चालू गाणं, दुसऱ्या कानात येणारं. दोन ठोके एकमेकांच्या पुढं-मागं पळू लागले, की घोडा दुडक्या चालीनं पळतोय असा आवाज येतो. तो आवाज ओळखता येणं म्हणजे अर्धं शिक्षण झालं.

हे सगळं परदेशी व्हिडिओतही सांगतात. आपल्या गाण्यांची अडचण तिथं कुणी सांगत नाही. आपली कोळीगीतं, कितीतरी लावण्या, गोंधळाच्या चाली सहाच्या झोक्यात असतात: तीन-तीनचे दोन गट, पाय पडतो पहिल्यावर आणि चौथ्यावर. सॉफ्टवेअर मात्र चारच्या हिशोबानं बनवलेलं. समजा कोळीगीतात पाय मिनिटाला १०५ वेळा पडतोय. सॉफ्टवेअर त्याचा बीपीएम १५७ किंवा ७८ असाही दाखवू शकतं, कारण ते तीनाच्या गटाऐवजी दोनाच्या जोड्या मोजतं. त्या आकड्यावर विसंबून सिंक दाबलं, की घोळ झालाच. सणसरकडच्या एका हळदीत मी वायरींवर होतो तेव्हा हे पाहिलं. ऑपरेटरनं चालू डान्स ट्रॅकवर कोळीगीत चढवलं. स्क्रीनवर दोन्ही रेघा अगदी सरळ जुळलेल्या. पण बायका नाचता नाचता थांबल्या, एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि नवऱ्याची मावशी गाडीजवळ येऊन म्हणाली, ‘‘आरं, ते गाणं लंगडतंय की रं.’’

तिनं बीपीएम हा शब्दही ऐकला नसेल. तिचं निदान मात्र बरोबर होतं.

यावर उपाय आहे. स्क्रीनवरचा आकडा पुसा आणि पाय जिथं पडतो तिथं टॅपचं बटण दाबत राहा. खरा वेग मिळतो. ‘मिक्स’मध्ये आकडा दोन-तृतीयांश किंवा दीडपट करायचीही सोय आहे. मग चारच्या गाण्याचा किक (बेस ड्रमचा ठोका) आणि सहाच्या गाण्यातला पाय एकावर एक बसवा. किक सरळ चालतो, वरून तीन-तीनच्या मात्रा घरंगळत जातात, आणि गर्दीला असा काही झोका मिळतो की नुसत्या बेसनं तो येत नाही. दुसरी गोष्ट, जुनी रेकॉर्डिंग माणसांनी वाजवलेली आहेत, मेट्रोनोमवर नाहीत. शेवटाकडं हलगीवाला रंगात आला की पळतो. सॉफ्टवेअरनं आखलेली ठोक्यांची जाळी तिथं सरकते, तेव्हा वेग सतत हातानं सावरत राहायला पाहिजे. नवशिक्यानं अशी दोन गाणी हातानं धरून शेवटपर्यंत नेऊन दाखवावीत. मग त्यानं कंट्रोलर घ्यायला माझी हरकत नाही.

कानांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याची भरपाई होत नाही. एका विसर्जनाच्या रात्रीनंतर माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. असं आधीही व्हायचं, सकाळपर्यंत जायचं. या वेळी गेली नाही. कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली. कागदावरची रेघ ४००० हर्ट्झजवळ खाली घसरलेली होती. मोठ्या आवाजानं होणारं नुकसान बहुतेकदा तिथूनच सुरू होतं, असं ते म्हणाले. बोलणं ऐकू येतं, फोन ऐकू येतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मला तो लागला ट्रॅक बनवताना. झांजेचा, टाळ्यांचा आवाज मला कमी वाटायचा म्हणून मी तो वाढवायचो, आणि ऐकणारे म्हणायचे, फार टोचतंय. आता वरचे आवाज मी धाकट्या भावाला ऐकवल्याशिवाय पक्के करत नाही.

अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं कामगारांसाठीचं कोष्टक डीजेनं पाठच करावं: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. गाडीच्या मागं उभं राहिलं की वाचतो, असं पोरं समजतात. टॉपचा आवाज पुढं जातो हे खरं, पण बेस चहूकडं पसरतो. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग अगदी स्वस्तात मिळतात. बोटांनी लांबट दाबून, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरायचे. नुसते टेकवले तर उपयोग नाही. कापसाचे बोळे म्हणजे मनाचं समाधान.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. घरात दोघं गप्पा मारतात तो आवाजच साठच्या आसपास भरतो, तेव्हा बेसची भिंत या आकड्यात बसवून दाखवा. मंडळाचा कार्यकर्ता ‘‘परवानगी आहे, वाजव’’ म्हणतो. तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फोटो काढून ठेवा. गुन्हा दाखल होतो तेव्हा साउंडवाल्याचं नाव त्यात असतं आणि जप्त होतं ते त्याचंच सामान. माझं मत विचाराल तर भिंतीचे दिवस भरत आलेत, आणि ते भरलेले बरे. आमच्या गल्लीत लकवा झालेले आजोबा आहेत. गाडी जवळून गेली की त्यांच्या कॉटजवळचं स्टीलचं तांब्या-भांडं आपोआप वाजतं.

गाण्यांच्या हक्कांबद्दल एक गैरसमज. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणी वाजवायला सूट आहे. ती सूट वाजवण्यापुरती. दुसऱ्याच्या गाण्याला बेस लावून, वर आपल्या नावाचा टॅग चिकटवून ते अपलोड करणं त्यात येत नाही. नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की युट्यूब चॅनल बंद करतं, आणि त्याबरोबर जमवलेले सगळे सबस्क्रायबरही जातात.

म्हणून स्वतःचं काहीतरी बनवा. हे काम मुंबईच्या किंवा गोव्याच्या पोरांचं, आपलं नव्हे, असं वाटत असेल तर चरणजित सिंग यांचं नाव शोधून ऐका. मुंबईतले हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक, लग्नसमारंभांतही वाजवायचे. त्यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, एकत्र जोडली आणि त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. १९८७ साली शिकागोहून त्याच टीबी-३०३ च्या किंचाळीतून ॲसिड हाउस जगभर पसरलं, आणि २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चक्रावले. त्यांच्याकडं राग होते. आपल्याकडं हलगी आहे, संबळ आहे, धनगरी ढोल आहे. इंटरनेटवरच्या सॅम्पलच्या पॅकमध्ये ‘इंडियन’ म्हणून जो तबला मिळतो, तो सोडून द्या.

हलगी रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागत नाही. मोबाइल चालतो, पण वाजवणाऱ्यापासून दीड-दोन मीटर लांब धरा, नाहीतर काडीचा प्रत्येक फटका फाटतो. भिंतीजवळ नको, मोकळ्या शेतात वारा नसताना बरं. हलगी शेकल्यावर चढते आणि वाजवता वाजवता उतरते, तेव्हा एका गाण्यासाठीचे सगळे तुकडे एका बैठकीतच घ्या. वाजवणाऱ्याला त्याचं मानधन द्या आणि ट्रॅकखाली त्याचं नाव लिहा. हे सांगावं लागतं याचीच मला लाज वाटते. ट्रॅकमध्ये हलगी वरच्या पट्टीत राहते, तिच्याखालची गडगड कापून टाकली तर किकला जागा मोकळी मिळते. धनगरी ढोलाचं तसं नाही. तो आणि किक एकाच जागेसाठी भांडतात आणि दोघंही चिखल करतात. दोघांतला एकच ठेवा. मी ढोल ठेवतो.

आणखी एक फसवणूक खोली करते. ५० हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. दहा बाय बाराच्या स्लॅबच्या खोलीत ती मावतच नाही. कोपऱ्यात बसलात तर बेस दुप्पट वाटतो, मधोमध बसलात तर गायब. तिथं पक्का केलेला ट्रॅक गाडीवर गेल्यावर पोकळ निघतो. हेडफोनवर, मामाच्या पिकअपमधल्या टेपवर आणि अगदी हळू आवाजात, असं तिन्ही ठिकाणी ऐकूनच पुढं जा. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा, बरेच प्लेअर एनटीएफएस वाचत नाहीत आणि हे नेमकं स्टेजवर कळतं.

सुपारी घेताना विसार आणि व्हॉट्सअॅपवर चार ओळी: किती वाजता सुरू, किती वाजता बंद, डिझेल कुणाचं. नात्यातलं लग्न असेल तर सहा ओळी.

पहिली संधी कुठं मिळेल, असं पोरं विचारतात. एका सीझनला एखाद्या चांगल्या ऑपरेटरच्या हाताखाली वायरी गुंडाळायला जा आणि पंगतीच्या वेळेला लॅपटॉप मागून घ्या. त्या तासाभरात तोही जेवायला गेलेला असतो, नाचणारं कुणी नसतं आणि चुकलं तरी कुणी वळून बघत नाही. जुनी भावगीतं, लावण्या, मधेच एखादं वाद्यसंगीत असं एकातून एक हळूच सोडत राहा. आवाज इतकाच ठेवा, की वाढप्यानं ‘‘भात, भात’’ म्हटलेलं शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.