कुंडल रोडचा माळ

लाकडी नांगराने जमीन नुसती वरवर उकरली जाते. लोखंडी नांगराचा फाळ खोल शिरतो आणि खालची माती वर उलथून टाकतो. त्यामुळे हरळीची मुळे उघडी पडून उन्हाने वाळतात. बेळगावास सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापण्याच्या यंत्रांपाठोपाठ असा नांगर तयार केला. परंतु लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! माल पडून राहिला, तरी कारागिरांची मजुरी काही थांबत नाही.

अशातच 1910 मध्ये बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास फर्माविले. यंत्रे घेऊन जावे कोठे?

त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांच्या पाठीशी उभे राहिले. पंत स्वतः उत्तम चित्रकार होते. लक्ष्मणरावही तरुणपणी चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेले होते; पण डोळ्यांना रंगांतील भेद नीट कळेना, म्हणून त्यांना ती विद्या सोडावी लागली होती. एका कलावंताने दुसऱ्याची पारख केली, असे म्हणावयास हरकत नाही. पंतांनी कुंडल रोड स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. औंध हे लहानसे संस्थान. त्याचा खजिना काही बडोद्याचा नव्हता. ज्याचा माल लोक हाती धरीत नव्हते, त्याला एवढी रक्कम देणे हे धाडसच होते.

जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला ओसाड माळ होता. पावलापावलाला सापांचे भय! तरी शेजारून आगगाडी जात असल्याने कच्चे लोखंड आणणे व तयार नांगर दूरदूर धाडणे सोयीचे होते. पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे राहावयास आले. निवडुंग तोडला गेला, भट्टी पेटली. त्या वसाहतीत शिवाशीव पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. रात्रीच्या पहाऱ्यावर तर त्यांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसे नेमली. जो विश्वास पंतांनी त्यांच्यावर टाकला, तोच त्यांनी या माणसांवर टाकला.

हळूहळू शेतकऱ्यांची भीती ओसरली. नांगरांमागून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तेथून बाहेर पडू लागले. कुंडल रोड हे नाव मागे पडले. त्या स्थानकास आज किर्लोस्करवाडी म्हणतात.