उतारवयातील सायकलस्वार आणि गुडघेदुखी : झिजेचा खरा हिशेब

कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदात 'घसारा' नावाची एक रक्कम असते. यंत्र वापरले की झिजते आणि दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी धरावी लागते, हा वाणिज्य शाखेतील प्राथमिक पाठ होय. आमची उमेदीची वर्षे याच हिशेबात गेली. म्हणूनच बाह्यरुग्ण विभागात वारंवार कानी पडणारे एक वाक्य आम्हांस विचारात पाडीत आले आहे : "चाळीस वर्षे सायकल चालविली, गुडघे झिजले, आता सायकल सोडलेली बरी."

हे वाक्य ऐकावयास रास्त वाटते. परंतु गुडघा हे काही कारखान्यातील यंत्र नव्हे. यंत्र विश्रांतीत टिकते, गुडघा विश्रांतीत दुबळा होतो. हा फरक लक्षात न आल्याने अनेक ज्येष्ठ नागरिक आपली सायकल भिंतीला टेकवून ठेवतात आणि त्यांच्या वेदना कमी होण्याऐवजी वाढतच जातात. यंदाच्या अहवालात हा विषय निवडण्याचे हेच प्रयोजन. आम्ही स्वतः वैद्यक व्यवसायातील नाही. येथे दिलेली माहिती अस्थिरोग व भौतिकोपचार या दोन्ही विभागांतील आमच्या सहकाऱ्यांशी सविस्तर चर्चा करूनच मांडली आहे.

हा सायकलस्वार कोण?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पोस्टमन, दूधवाले, वृत्तपत्रे टाकणारे, कारखान्यांतील कामगार, शिक्षक अशा असंख्य कुटुंबांचा संसार या दोन चाकांवर चालला. ती पिढी आज साठी-सत्तरीत आहे. तिच्या जोडीला दुसरा वर्गही आता दिसू लागला आहे. निवृत्तीनंतर हौसेने गिअरची सायकल घेणारे, पहाटे वीस-पंचवीस किलोमीटर फिरणारे, आषाढीच्या सुमारास पंढरपूरपर्यंत सायकलवारी करणारे हे ज्येष्ठ होत. एकासाठी सायकल चरितार्थाचे साधन, तर दुसऱ्यासाठी आरोग्याचे. पण दोघांची तक्रार मात्र एकच.

गुडघ्याचे पोषण हालचालीतून

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढील बाजूची वाटी यांच्या संयोगाने गुडघ्याचा सांधा बनतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणद्रवातूनच तिचे पोषण होते आणि तो द्रव कूर्चेत खेळता राहण्यासाठी सांध्याची हालचाल व्हावी लागते. दाब पडतो व सुटतो, स्पंजासारखी देवघेव होते. म्हणजे बेताची हालचाल हा कूर्चेचा खुराकच म्हणावयास हवा.

सायकल चालविताना गुडघ्यावर भार तरी किती पडतो? बर्लिन येथील संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारी उपकरणे बसवून याचे प्रत्यक्ष मापन केले व निष्कर्ष २०१० आणि २०१२ साली प्रसिद्ध केले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना उतरताना तो तिपटीहून अधिक होतो. मध्यम श्रमाने सायकल चालविताना मात्र तो वजनाच्या सव्वापटीच्या आतबाहेर राहतो. ६० किलो वजनाच्या मनुष्याचा गुडघा जिना उतरताना सुमारे २०० किलोंचा भार सोसतो, तर सायकलवर ७०-७५ किलोंचा. सायकल सोडून घरातील जिन्यांवर चढउतार करीत राहणारा मनुष्य गुडघा वाचवीत नाही, हे या आकड्यांवरून उघड व्हावे.

२०२४ साली अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी नियमित सायकल चालविलेल्यांमध्ये गुडघेदुखी व गुडघ्याची झीज, दोन्हीही तुलनेने कमी आढळली. केवळ पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि सायकलीने गुडघे झिजतात, या समजुतीला तीत आधार सापडत नाही.

मग दुखते का?

गुडघा तासाला हजारो वेळा वाकतो आणि सरळ होतो. त्या वाकण्यात थोडासा दोष असला तरी त्याची तितक्याच वेळा पुनरावृत्ती होते. तरुणपणी स्नायू तो दोष सांभाळून घेतात. साठीनंतर ती ताकद कमी होते आणि दोष बोलू लागतो. दुखण्याची जागा बरेच काही सांगून जाते. वाटीच्या मागे वा पुढील बाजूस दुखत असेल, तर सीट फार खाली असण्याचा किंवा जड दाबाने पायडल मारण्याचा संशय घ्यावा. गुडघ्याच्या मागील बाजूस दुखत असेल, तर सीट फार उंच असू शकते. आतील वा बाहेरील बाजूस दुखत असेल, तर पाऊल पायडलवर तिरके पडते काय ते पाहावे. कधी कधी मूळ दोष खुब्यात असतो आणि दुखणे मात्र गुडघ्यात जाणवते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

सीटची उंची

आपल्याकडे सीट बसविण्याची एक सर्वमान्य रीत आहे : बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. उभे राहण्यास ती सोयीची, पण गुडघ्यास घातक. सीट खाली गेली की पायडलच्या प्रत्येक फेरीत गुडघा अधिक दुमडतो आणि दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटीमागील दाब वाढतो.

वृत्तपत्रे टाकणारे ६७ वर्षांचे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. एकदा तोल जाऊन पडल्यानंतर त्यांनी धास्तीने सीट खाली घेतली होती. काही महिन्यांत दोन्ही गुडघ्यांच्या पुढील बाजूस कळा येऊ लागल्या. घरच्यांनी सायकल बंद करण्याचा आग्रह धरला. पण सायकल बंद म्हणजे मिळकत बंद. भौतिकोपचार विभागातील ताईंनी त्यांना पुढील भेटीस सायकलसह बोलाविले आणि तपासणी रुग्णालयाच्या आवारातच केली. सीट टप्प्याटप्प्याने वर घेण्यात आली, मांडीचे व्यायाम शिकविण्यात आले आणि पुढील पिशवीतील ओझे कमी करून ते दोन खेपांत विभागण्यात आले. तीन महिन्यांनी त्यांच्या क्ष-किरण चित्रात काहीही बदल नव्हता. वेदना मात्र इतक्या कमी झाल्या होत्या की पहाटेची लाईन त्यांनी स्वतःच सांभाळली. वेदना पूर्णतः गेल्या, असे आम्ही म्हणणार नाही. काम राहिले, हे महत्त्वाचे.

घरच्या घरी तपासण्याची रीत सोपी आहे. सायकल भिंतीला टेकवावी, सीटवर बसावे आणि पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय जवळपास सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर ठेवल्यास गुडघा किंचित, म्हणजे सुमारे २५ ते ३५ अंशांत, वाकलेला राहतो. सीट एकदम वर घेऊ नये. एका वेळी अर्धा ते एक सेंटीमीटर घ्यावी आणि काही दिवस चालवून पाहावे. सीट उंच झाल्यावर थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकण्याची सवय करावी लागते. ज्यांचा तोल डळमळीत आहे, त्यांनी आडवा दांडा नसलेली सायकल अथवा घरातील स्थिर सायकल वापरावी. गुडघा वाचविण्यासाठी खुबा मोडून घेणे हा तोट्याचाच व्यवहार ठरेल.

जड पायडल, हलके पायडल

गिअर असलेल्या सायकलीवर अनेकजण जड गिअरवर सावकाश पाय मारतात. गुडघ्यासाठी याउलट हवे : गिअर हलका, पाय भरभर. मिनिटाला ७० ते ९० फेऱ्या हे प्रमाण साधारणपणे योग्य समजले जाते. गिअर नसलेल्या काळ्या सायकलीवरही उपाय आहे. मागील चाकाचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २० दात्यांचे बसविले, तर त्याच चढावर पायडलवर द्यावा लागणारा जोर १० टक्क्यांनी कमी होतो. वेग थोडा घटेल, तो घटू द्यावा. मोठ्या चढावर उतरून सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा मानू नये. हवा पुरेशी भरलेली असावी व चेनला तेल असावे. कोरडी चेन आणि बसके टायर यांचा भुर्दंडही गुडघ्यालाच पडतो.

मांडीचे स्नायू हीच खरी गंगाजळी

गुडघ्याचा भार वाटून घेण्याचे काम मांडीचा पुढील स्नायू करतो. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती गुडघ्याने खाली दाबून ५ ते १० सेकंद धरावी. असे १० वेळा, सकाळ-सायंकाळ. उताणे झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा व सावकाश खाली आणावा. बळ आल्यावर उंच खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करावा. या व्यायामांचा परिणाम दिसावयास सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत निराश होऊन सोडणाऱ्यांची संख्या आमच्याकडे मोठी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुखणे सुरू झाल्यास अंतर निम्मे करावे, एक दिवसाआड चालवावे आणि मग आठवड्याला सुमारे दहा टक्क्यांनी वाढवावे. चालविताना किंचित दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमले, तर चिंता नाही. दुसऱ्या दिवशीही टिकले, तर आदल्या दिवशीचे श्रम जास्त झाले असे समजावे. वजन अधिक असेल, तर तेही उतरवावे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानुसार शरीराचे वजन १ किलोने घटले, की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी घटतो. मांडी घालून वा उकिडवे फार वेळ बसणे टाळावे. शौचालयात कमोडची सोय करावी.

औषधे व धोक्याच्या खुणा

वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेण्याची प्रथा आम्हांस अत्यंत काळजीची वाटते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांस इजा पोहोचू शकते. वय, मधुमेह व रक्तदाब यांमुळे हा धोका अधिकच वाढतो. गोळी घेऊन दुखणे दाबावयाचे आणि त्याच सदोष सीटवर पुन्हा बसावयाचे, यात दुहेरी नुकसान आहे. गुडघ्यावर लावावयाचे वेदनाशामक मलम तुलनेने सुरक्षित असते. तेही विचारूनच वापरावे.

पुढील लक्षणांत मात्र घरगुती उपायांत वेळ दवडू नये : गुडघा सुजणे, लाल व गरम होऊन ताप येणे, गुडघा मध्येच अडकणे किंवा दगा देणे, पडल्यावर पायावर भार न घेता येणे, रात्रीच्या विश्रांतीतही कळ न थांबणे, पोटरी सुजून दुखणे.

खर्चाचा ताळेबंद

कृत्रिम सांध्याची शस्त्रक्रिया ही आधुनिक वैद्यकाची मोठी देणगी होय आणि जेथे ती आवश्यक आहे, तेथे ती टाळू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरविण्यात आली, जी त्यापूर्वी सरासरी दीड लाखाच्या पुढे होती. तरीही शस्त्रक्रिया, खोली, औषधे व नंतरचा भौतिकोपचार यांचा खर्च राहतोच. याउलट सीट वर घेण्यास एक पाना पुरतो आणि टॉवेल घरातलाच असतो. योग्य वेळी केलेल्या या साध्या उपायांनी प्रत्येकाची शस्त्रक्रिया टळेल असे नाही; परंतु अनेकांची लांबणीवर पडते आणि काहींना तिची गरजच भासत नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक माहिती देणे अगत्याचे वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. कागदपत्रांविषयी आमच्या समाजसेवा विभागात निःसंकोच विचारणा करावी.

विश्वस्त व देणगीदार यांच्यापुढे आमचे नम्र निवेदन इतकेच की शस्त्रक्रियागृहाला दिलेली देणगी सर्वांच्या नजरेत भरते. भौतिकोपचार विभागास दिलेली स्थिर सायकल वा व्यायामाचे टेबल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वस्तुतः तेथे झालेला खर्च पुढील मोठे खर्च वाचवितो. आमच्या नोंदवहीत स्थिर सायकलीवर दरवर्षी घसारा लागतो. तिच्यावर बसून बळकट होणाऱ्या गुडघ्यांवर तो लागत नाही. आपल्या घरातील ज्येष्ठांची सायकल भिंतीला टेकलेली असेल, तर ती विकण्यापूर्वी एकवार तिच्या सीटची उंची तपासून पाहावी, ही विनंती.